जपानी घरगुती सिनेमांचं एक वर्ष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या गुढीपाडव्यापासून यंदाच्या पाडव्यापर्यंत दर शनिवारी रात्री मी एक जुना जपानी सिनेमा पाहिला. काही शनिवार पाहुण्यांत गेले, दोन तापात गेले, एक लग्नघरात गेला. एकंदर ४३ सिनेमे झाले, त्यातले काही दोनदा. ऑफिसात, नात्यात आणि जिन्यात भेटणाऱ्यांनी वर्षभर जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं एकदा नीट बसून लिहिते आहे. ओघात काही सिनेमांचे शेवट सांगून टाकलेत. हे सिनेमे शेवट माहीत असल्याने बिघडत नाहीत.

एवढं सगळं सोडून जपानी घरगुती सिनेमेच का?

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले आणि आई साताऱ्याचं घर बंद करून माझ्याकडे पुण्याला राहायला आली. तिची भांडी, तिची खुर्ची, तिचं पहाटे पाचला उठणं, सगळं माझ्या दोन खोल्यांत आलं. त्या सुमारास कुणीतरी 'टोकियो स्टोरी' बघ म्हणून सांगितलं. म्हातारे आईवडील मुलांकडे शहरात येतात आणि मुलांना त्यांच्यासाठी वेळ नसतो, एवढीच गोष्ट. पाहिला, आणि रात्री झोप लागली नाही. मला त्यात मीच दिसले होते, आणि ते दिसणं फारसं सुखाचं नव्हतं. तिथून सुरुवात झाली.

कुरोसावा माहीत आहेत. हे बाकीचे कोण?

१९५१ मध्ये कुरोसावांच्या 'राशोमोन'ला व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि जपानी सिनेमा म्हणजे किमोनो, तलवारी, सामुराई असं जगाच्या डोक्यात बसलं. पण खुद्द जपानमध्ये लोक आपल्यासारख्याच माणसांचे सिनेमेही तेवढ्याच आवडीने बघत होते. कारकून, शिक्षक, लाँड्रीवाले, उपवर मुली, विधुर बाप. या प्रकाराला 'शोमिनगेकी' म्हणतात, म्हणजे साध्या माणसांची नाटकं. शोचिकू या कंपनीने त्यात नाव कमावलं. आधी कामाता आणि १९३६ पासून ओफुना इथल्या स्टुडिओत हे सिनेमे बनत. प्रमुख होते शिरो किदो, आणि त्यांचा आग्रह असा की डोळ्यांत पाणी असलं तरी ओठांवर हसू असावं.

दिग्दर्शक यासुजिरो ओझू (१९०३–१९६३) हे त्या घराण्याचं मोठं नाव. मिकिओ नारुसे (१९०५–१९६९) तिथेच शिकले आणि तिथून बाहेर पडले. केइसुके किनोशिताही त्याच कंपनीतले. माझं वर्ष मुख्यतः या तिघांबरोबर गेलं, त्यातही निम्म्याहून जास्त ओझूंबरोबर. त्यांचे सिनेमे परदेशी लोकांना कळणारच नाहीत असं समजून जपानी कंपन्या ते बाहेर पाठवायलाच कचरत. 'टोकियो स्टोरी' १९५३ चा, लंडनमध्ये त्याचा गौरव झाला १९५८ मध्ये. आणि २०१२ मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश सिनेमा-मासिकाने जगभरच्या दिग्दर्शकांकडून सर्वोत्तम सिनेमांचा कौल घेतला, तेव्हा तो पहिला आला.

सुरुवात कोणत्या सिनेमाने करावी?

'टोकियो स्टोरी'ने नको, असं मी सांगेन, जरी माझी तिथूनच झाली. 'लेट स्प्रिंग' (१९४९) घ्या. माणसं मोजकी, गोष्ट एका ओळीची. कामाकुरात राहणारे प्राध्यापक सोमिया विधुर आहेत. मुलगी नोरिको २७ वर्षांची, वडिलांना सोडून लग्न करायला तयार नाही. तेव्हा वडील तिला सांगतात की मीही दुसरं लग्न करतोय. ते खोटं असतं. मुलगी लग्न करून जाते.

लग्नाच्या दिवशी ती नववधूच्या वेशात वडिलांना वाकून नमस्कार करते आणि जिना उतरते. कॅमेरा तिच्या मागे जात नाही. वरच्या खोलीतच थांबतो. आरसा आहे, समोर स्टूल आहे, आरशात कुणी नाही. लग्न आपल्याला दिसतच नाही, आणि नवरदेव तर अख्ख्या सिनेमात एकदाही दिसत नाही. त्या रात्री वडील एकटे घरी येतात, खुर्चीत बसतात आणि सफरचंद सोलायला घेतात. साल लांबच लांब निघत जाते, मग गळून पडते, आणि मान खाली जाते. ही भूमिका करणारे चिशू र्‍यू यांनी पुढे सांगितलं आहे की ओझूंना तिथे त्यांनी हंबरडा फोडायला हवा होता. र्‍यूंनी सांगितलं, मला ते जमणार नाही. म्हणून फक्त मान झुकली. बरं झालं जमलं नाही.

यात काहीच घडत नाही. बघायचं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

घडतं, पण मोठ्या आवाजात घडत नाही. 'टोकियो स्टोरी'मध्ये शुकिची आणि तोमी हे ओनोमिचीचं जोडपं टोकियोला येतं. थोरला मुलगा डॉक्टर. ज्या रविवारी तो आईवडिलांना शहर दाखवायला निघणार, त्याच दिवशी एका आजारी मुलासाठी बोलावणं येतं. तो जातो. डॉक्टरने जायलाच हवं. मुलगी शिगे हिचं केस कापण्याचं छोटं दुकान आहे. तिचा नवरा सासूसासऱ्यांसाठी चांगली मिठाई आणतो, तर ती म्हणते, एवढी महागाची कशाला, साधं काहीतरी चाललं असतं. शेवटी भावंडं पैसे काढून म्हाताऱ्यांना आतामीच्या गरम झऱ्यांवर पाठवून देतात. वर बघितलं तर लाड, आत बघितलं तर सोय. तिथे रात्रभर शेजारच्या खोल्यांत गाणी आणि जुगाराचा दंगा. दोघं अंथरुणावर उघड्या डोळ्यांनी पडून. सकाळी समुद्राच्या बांधावर बसतात, घरी जाऊ या म्हणतात, आणि उठताना तोमीला क्षणभर भोवळ येते. 'काही नाही, बरी आहे' म्हणून ती चालू लागते.

या माणसांत दुष्ट कोण, ते दाखवा. मी शोधलं, मला सापडला नाही. शिगे कंजूष आहे, फटकळ आहे, पण दुकान तिलाच चालवायचं आहे. थोरल्याला खरंच वेळ नाही. आपल्या मालिकांत असं घर मोडायला एक खलनायिका आणावी लागते. इथे घर पांगतं ते नोकरीने, बदलीने, लग्नाने, मरणाने. ज्या गोष्टींसाठी आपण पेढे वाटतो, त्यांतल्याही काही त्यात आहेत. वर्षभर मी हेच बघत होते आणि त्याचा कंटाळा आला नाही.

कॅमेरा इतका खाली का ठेवलेला असतो?

जपानी घरात माणसं तातामीवर, म्हणजे गवती चटयांच्या जमिनीवर बसतात. ओझूंचा कॅमेरा त्या बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्याही थोडा खाली असतो. छायाचित्रकार युहारु आत्सुता यांना त्यापायी जमिनीवर पालथं पडून काम करावं लागे. भिंग जवळजवळ नेहमी एकच, ५० मिलिमीटरचं. शेवटच्या काळात कॅमेरा हलणं जवळपास बंदच झालं.

मला ही उंची पहिल्या दिवसापासून ओळखीची वाटली. आजोळी माजघरात पंगत बसायची, तेव्हा पाटावर बसलेल्या मुलाला वाढणाऱ्यांचे पाय आधी दिसायचे, मग भांडं, मग चेहरा. दारातून कोण आलं ते पावलांवरून कळायचं. खुर्ची-टेबलावर वाढलेल्यांना ही चौकट विचित्र वाटते. जमिनीवर बसून जेवलेल्यांना समजावून सांगावं लागत नाही.

आणि मधेच येणारी रिकामी दृश्यं, वाळत घातलेले कपडे, धुराडी, ओसरी, किटली? जपानी काव्यात 'माकुराकोतोबा' असतात, उशी-शब्द, म्हणजे एखाद्या शब्दाआधी ठरावीक येणारा, टेकू देणारा शब्द. त्यावरून अभ्यासकांनी या दृश्यांना 'पिलो शॉट' नाव दिलं. मी त्यांना श्वास म्हणते. आत्ता ऐकलेलं वाक्य पोटात उतरायला तेवढा वेळ लागतोच.

सगळ्या सिनेमांत मुलीच्या लग्नाचीच काळजी का?

कारण तो काळच तसा होता. १९४७ ला लागू झालेल्या संविधानाने लग्न हे दोघांच्या संमतीनेच होईल असं सांगितलं, घराच्या कर्त्या पुरुषाचा कायदेशीर अधिकार गेला. कायदा एका दिवसात बदलतो, आत्याबाई बदलत नाहीत. 'ओमिआई' नावाची पद्धत चालूच राहिली: मध्यस्थ, फोटो, दोन्हीकडची मंडळी एकत्र बसून चहा. ज्यांच्याकडे कांदेपोह्यांचा कार्यक्रम झालाय त्यांना यातलं एकही वाक्य परकं वाटणार नाही. 'लेट स्प्रिंग'मधली आत्या देवळाच्या आवारात पडलेलं पैशांचं पाकीट उचलते आणि शुभशकून आहे, लग्न जमणार म्हणून कमरेच्या पट्ट्यात खोचते. माझी एक मावशी अशीच आहे.

पण 'अर्ली समर' (१९५१) बघा. त्याचं जपानी नाव 'बाकुशू', शब्दशः बार्लीचा शरद, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी बार्ली पिकते तो काळ. तिथली नोरिको २८ वर्षांची, ऑफिसात नोकरी करणारी. घरच्यांनी एक भारी स्थळ आणलंय. एका संध्याकाळी ती शेजारी निरोप द्यायला जाते. शेजारचा मुलगा विधुर, एक लहान मुलगी असलेला, त्याची अकिताला बदली झालीय. त्याची आई सहज बोलून जाते, तुझ्यासारखी सून मिळाली असती तर किती बरं झालं असतं. नोरिको म्हणते, माझ्यासारखी चालत असेल तर मी तयार आहे. म्हातारीचा कानांवर विश्वास बसत नाही. एवढ्या एका वाक्याने नोरिकोचं आयुष्य ठरतं, आणि ते तिने स्वतः ठरवलेलं असतं. घरचे हादरतात. तिचा पगार जाणार, म्हणून मोठं कुटुंबही फुटतं. आईवडील गावी यामातोकडे जातात.

प्रत्येक नायिकेचं नाव नोरिकोच कसं?

'लेट स्प्रिंग', 'अर्ली समर' आणि 'टोकियो स्टोरी' या तिन्हींत सेत्सुको हारा नोरिको आहे, म्हणून त्यांना नोरिको-त्रयी म्हणतात. तिघी वेगळ्या आहेत, नाव तेवढं एक. हाराने १९६३ च्या सुमारास सिनेमा सोडला, कामाकुरात राहिली आणि २०१५ मध्ये जाईपर्यंत लोकांसमोर आली नाही. तिचं हसू नीट बघा. कधी ते आनंदाचं असतं, कधी दार लावून घेण्याचं.

युद्धानंतर इतक्या लगेच बनलेले सिनेमे, मग युद्ध कुठे आहे?

घरात, न आलेल्या मुलाच्या जागी. ओझू स्वतः चीनमध्ये सैनिक होते, नंतर सिंगापूरला होते, १९४६ ला परतले. रणांगण त्यांनी दाखवलं नाही. पण 'अर्ली समर'मध्ये दुसरा मुलगा शोजी परत आलेला नाही, आणि आई अजून रेडिओवरचा हरवलेल्यांचा कार्यक्रम ऐकते. 'टोकियो स्टोरी'मध्येही युद्धात गेलेल्या मुलाचं नाव शोजी. तिथली नोरिको ही त्याची विधवा.

'अर्ली समर'मधला शेजारचा विधुर नोरिकोला सांगतो, शोजीने आघाडीवरून पाठवलेलं एक पत्र माझ्याकडे आहे, आत गव्हाची लोंबी आहे. नोरिको म्हणते, ते मला द्याल? आणि सिनेमाचं शेवटचं दृश्य आहे वाऱ्याने हलणारं पिकलेलं शेत. कुणी काही बोलत नाही. मी ते दृश्य तीनदा मागे नेऊन पाहिलं.

त्याच सिनेमात आईवडील बसलेत आणि आकाशात एक फुगा वर जातो. वडील म्हणतात, कुठलं तरी पोर रडत असेल.

नारुसे आणि ओझू यांत फरक काय?

पैसा. नारुसेंच्या सिनेमात माणसं सतत पैसे मोजतात, उसने घेतात, परत मागतात. त्यांचं स्वतःचं लहानपण गरिबीत गेलं. शोचिकूत त्यांना सांगितलं गेलं की आम्हाला दोन ओझू नकोत, म्हणून १९३४ मध्ये त्यांनी ती कंपनी सोडली.

'मेशी' (१९५१), म्हणजे जेवण किंवा नुसता भात. ओसाकातली गृहिणी, पुन्हा सेत्सुको हारा, रोज तांदूळ निवडून, भांडी घासून थकलेली. नवरा दारू पीत नाही, मारत नाही, फक्त 'भूक लागली' म्हणतो. 'ओकाआसान' (१९५२) म्हणजे आई: किनुयो तानाकाने केलेली लाँड्रीवाल्या घरातली आई, जी मुलगा गमावते, नवरा गमावते, आणि शेवटी धाकट्या मुलीला नातेवाइकांकडे देऊन टाकते. १९६४ च्या 'यर्निंग'मध्ये हिदेको ताकामिने विधवा सून आहे, सासरचं वाणसामानाचं दुकान तिने युद्धानंतर एकटीने उभं केलंय, आणि आता समोर सुपरमार्केट उघडलंय, अंडी मातीमोलाने विकतंय. किराणा दुकानदाराच्या घरातला माणूस हा सिनेमा बघताना गप्प होईल. शेवटच्या चौकटीत ताकामिनेचा चेहरा आहे, त्याबद्दल मी काही लिहिणार नाही.

ओझूंकडे दुःखानंतर किटली दिसते. नारुसेंकडे दुसऱ्या दिवशी दुकान उघडावं लागतं. मी थकलेली असेन त्या दिवशी मला नारुसे जास्त जवळचे वाटतात.

यात बायकांनीच सोसायचं, हे खटकत नाही का?

खटकतं. वडिलांचे बूट, वडिलांचा कोट, जमिनीवर टाकलेले कपडे उचलणारी बायको, हे प्रत्येक सिनेमात आहे, आणि ओझू त्यावर रागावत नाहीत. 'लेट स्प्रिंग'मध्ये मुलीने लग्न केलंच पाहिजे यावर सगळ्यांचं एकमत आहे, ती सुखात होती हे दिसत असूनही. मला त्या वडिलांच्या खोटेपणाचा राग आला आणि दया आली. दोन्ही अजून आहे. पण हे लपवलेलं नाही. कोट उचलणारा हात कॅमेऱ्याला पूर्ण दिसतो.

खाण्यापिण्याचं एखादं दृश्य?

'ग्रीन टी ओव्हर राइस' (१९५२) मधलं. श्रीमंत घरची ताएको नवऱ्याला गावंढळ समजते. भातावर आमटीसारखं काहीतरी ओतून तो भुरके मारून खातो याची तिला किळस येते. एका रात्री त्याचं परदेशी जाणारं विमान बिघाडामुळे माघारी फिरतं. दोघांना भूक लागलेली, मोलकरीण झोपलेली. दोघं स्वयंपाकघरात शिरतात आणि आपल्याच घरात कुठे काय आहे ते ताएकोला माहीत नसतं. भात सापडतो. कोंड्यात मुरवलेलं लोणचं ती हाताने काढते, मग हात हुंगते, वास जात नाही. भातावर गरम चहा ओतून दोघं खातात. 'ओचाझुके'. आपल्याकडे रात्री उशिरा ताकभात कालवावा, तसं. चीनशी युद्ध चालू असताना ओझूंनी हीच पटकथा दिली होती तेव्हा सेन्सॉरने नाकारली होती. नवरा आघाडीवर निघालेला असताना शुभप्रसंगीचा लाल भात सोडून चहाभात कसा काय खातात, असा आक्षेप होता.

ओझूंचा शेवटचा सिनेमा 'सान्मा नो आजी' (१९६२), म्हणजे सान्माची चव. सान्मा हा शरदात मिळणारा साधा, सगळ्यांना परवडणारा मासा. कोकण-गोव्याकडे बांगड्याचं जे स्थान, तसं काहीसं. अख्ख्या सिनेमात हा मासा कुठेच नाही.

मुलांना दाखवण्यासारखा कोणता?

'गुड मॉर्निंग' (१९५९). दोन भाऊ टीव्ही हवा म्हणून बोलणंच बंद करतात. मोठ्या माणसांनी गप्प बसा म्हटलं, तर म्हणतात, तुम्हीच उगाच 'नमस्कार, आज हवा छान आहे' बोलत असता. पोरांची पादण्याची स्पर्धाही आहे. रंगीत आहे. माझा आठ वर्षांचा भाचा पूर्णवेळ हसला, मग दोन दिवस त्याने मौन धरलं.

नवे सिनेमे आहेत का या वळणाचे?

आहेत. हिरोकाझु कोरेएदांचा 'स्टिल वॉकिंग' (२००८) आधी बघा: बुडणाऱ्या मुलाला वाचवताना गेलेल्या थोरल्या मुलाच्या स्मृतिदिनी जमलेलं कुटुंब, एक दिवस, मक्याची भजी. आई झालेल्या किकी किरिनचा एक संवाद अंगावर काटा आणतो. २०१८ ला कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळालेला 'शॉपलिफ्टर्स' नंतर.

ओझूंचं स्वतःचं घर कसं होतं?

त्यांनी लग्न केलं नाही. आईबरोबर राहिले, ती १९६२ च्या फेब्रुवारीत गेली. पटकथा कोगो नोदांबरोबर लिहीत, आठवडेच्या आठवडे एकत्र राहून, साके पीत. १२ डिसेंबर १९६३ ला, साठाव्या वाढदिवशीच ओझू गेले. किता-कामाकुराच्या एन्गाकुजी मंदिरात त्यांची समाधी आहे. दगडावर नाव नाही, एकच अक्षर आहे, 'मु'. म्हणजे काही नाही, अभाव.

आईवडिलांबरोबर बघावेत का?

मी बरेच महिने टाळलं. मग दिवाळीनंतरच्या एका शनिवारी आईच म्हणाली, मला पण दाखव काय बघतेस ते. 'टोकियो स्टोरी' लावला. तिला इंग्रजी सबटायटल्स तेवढ्या वेगाने वाचता येत नाहीत, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगत गेले.

सुरुवातीला म्हातारा प्रवासाची बॅग भरतोय. हवा भरायची उशी सापडत नाही. तुझ्याकडेच दिली होती म्हणून बायकोला दोष देतो. ती म्हणते, माझ्याकडे नाही. मग उशी त्याच्याच सामानात निघते. आई मोठ्याने हसली. "चष्मा कपाळावर आणि मला हाका. तुझे बाबा."

तोमीच्या अंत्यसंस्कारानंतर सगळे जेवायला बसतात आणि शिगे लगेच विचारते, आईचा तो किमोनो आणि पट्टा मला मिळेल का, आठवण म्हणून. मला वाटलं, आता आई चिडेल. ती म्हणाली, "वाईट नाही गं ती. घाईत आहे."

सगळे निघून गेल्यावर म्हातारा एकटा बसलेला असतो. खिडकीतून शेजारीण डोकावते, तुम्हाला आता चुकल्यासारखं होत असेल म्हणते. तो हसतो आणि म्हणतो, एकटं झाल्यावर दिवस एकदम लांब वाटायला लागतो. हे वाक्य मला मराठीत सांगायचं होतं. मी "एकटं" एवढंच म्हटलं. आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "कळलं," ती म्हणाली. "वाचू नकोस."